दिब्बा सोडून स्वराज्य

आयर्लंडने स्वराज्य मिळवलं हे आयरिश लोक एक वेळ विसरतील, आमचे साडू विसरणार नाहीत. अमिरातीत फुजैऱ्याला तेलाच्या टाक्यांची मापं घेणारा हा गृहस्थ त्या देशात कधी गेलेला नाही. नोकरी सोडून निघालेल्या एका आयरिश साहेबाने सामान हलकं करायला एक जाडजूड इतिहास यांच्या गळ्यात मारला, आणि ते भूत मानगुटीवर बसलं ते बसलंच. किराणावाल्याने कोथिंबीर महाग केली तेव्हा यांनी बहिष्कार पुकारला. "बॉयकॉट! हे हत्यार मूळचं आयर्लंडचं!" थोरल्या मेव्हणीबाई कोथिंबीर तिथूनच आणत होत्या आणि हे चटणी मिटक्या मारत खात होते.

यांचं खरं रणांगण म्हणजे आमचं मराठी मंडळ. फुजैऱ्याच्या दिवाळीत कोण काय गाणार, हे ठरायचं दुबई मरीनातल्या तिसाव्या मजल्यावर. साडूंनी फुजैऱ्यासाठी वेगळी समिती मागितली. आयरिश खासदार लंडनच्या पार्लमेंटात तासन्‌तास बोलून कामकाज अडवत, म्हणून यांनी मागच्या सभेच्या इतिवृत्तावर पाऊण तास भाषण केलं. बिर्याणी गार झाली. "आता खलास करा हो!" अध्यक्षांनी हात जोडले. साडू म्हणाले, "प्रस्तावना झाली, आता मुद्द्यावर येतो."

त्यांचा सगळा राग मात्र उत्तरेचे सहा परगणे इंग्रजांकडे सोडून स्वराज्य घेणाऱ्या आयरिश पुढाऱ्यांवर. "भाऊबंद टाकून सह्या केल्याच कशा?" म्हणत ते भरल्या ताटावरून उठायचे.

गेल्या वर्षी दुबईवाले नमले. फुजैऱ्याला वेगळी समिती, वेगळी दिवाळी. फक्त उत्तरेकडच्या दिब्बा गावातली चार घरं दुबईकडेच राहणार. त्यांतलं एक आमचं. दिवाळीच्या कार्यक्रमात दोघी बहिणी वर्षानुवर्षं जोडीने गात आल्या होत्या. आता एकाच संध्याकाळी एक फुजैऱ्यात, दुसरी दुबईत. साडूंनी तो ठराव आठवडाभर खिशात बाळगला. मग त्यांनी सही केली.

"भाऊजी, आम्हीच का हो ते सहा परगणे?" बायकोने फोनवर विचारलं.

"पुढच्या वर्षी तुम्हालाही घेऊ. इन्शाल्ला," ते म्हणाले.

पाडव्याला ते स्वतः लाडवांचा डबा घेऊन आमच्याकडे आले. जेवताना मी मुद्दाम खोडी काढली, "काय साडूभाऊ, त्या आयरिश पुढाऱ्यांचं काय करायचं?"

ते बराच वेळ वरणभात कालवत राहिले. "सही करून घरी गेल्यावर जेवण गेलं असेल का रे त्यांना?"

ताटावरून काही उठले नाहीत. उठले असते तर मला फार बरं वाटलं असतं.