हाताला रक्त कुणी पाहिलं

इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी व्हिक्टोरिया राणीच्या काळातले लंडनमधले खून निवडले होते. गरीब बायकांचे ते खून कधीच उलगडले नाहीत. संशयित मात्र पुष्कळ. त्यांतला अमुक एकजणच खुनी, असं मी ठामपणे लिहिलं, कारण पाच पुस्तकांत तसं होतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पाच ठिकाणी छापून आलेलं चुकीचं असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

मॅडमनी वाचून एवढंच विचारलं, "या पाचांना कुणी सांगितलं?"

शोधत गेले तर प्रत्येक पुस्तकानं आधीच्या पुस्तकावरून घेतलेलं. सगळ्यांत मागे एका निवृत्त पोलिस अधिकाऱ्याच्या आठवणी होत्या, म्हातारपणी लिहिलेल्या. आणि तपासात तो स्वतः नव्हताच. त्यानंही ऐकलेलंच लिहिलं होतं.

घरी येऊन काकीला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"लंडनला न्हाई घावला व्हय खुनी? आमच्या गावाला बघ, समद्यांना ठावं हाय."

तिचा रोख कुणावर होता ते मला कळलं. दरवर्षी भात काढून झालं की कोकणात उतरताना एक धनगर आमच्याकडून जातो. पूर्वी रात्री तो आमच्या शेतात जाळी लावायचा आणि त्या कुंपणात त्याची मेंढरं बसायची. शेताला खत मिळायचं, त्याला धान्य. मी लहान असताना आमच्या भावकीतला एक माणूस विहिरीजवळ डोकं फुटून मेलेला सापडला. पोलिसांच्या हाती काही लागलं नाही. पण गावानं धनगरालाच खुनी धरलं आणि तेव्हापासून त्याला कुणी शेतात थारा देत नाही. शेजारच्या नेरे गावाकडच्या शेतांचेही आता प्लॉट झालेत, त्यामुळे यंदा तर त्याला टेकायला जागाच नव्हती. तरी दरवर्षी तो येऊन जागा विचारायचा आणि माझे वडील नाही म्हणायचे.

"काकी, पण त्याला कुणी बघितलं?"

"तुझ्या आत्यानं. हात रक्तानं भरलेलं."

आत्या सासरी, भरे गावात असते. तिला फोन लावला.

"मी कुटं बघितलं गं? मी तवा हितं सासरी. तुझ्या बापानं सांगितलं. लई शिकायला लागलीस म्हणून आता आमची उलटतपासणी का?"

वडील ओसरीवर बसले होते. त्यांनाच जाऊन विचारलं.

"त्या दिशी त्याच्या हाताला रक्त व्हतं, एवढं म्हणलो मी. मेंढी व्याली व्हती त्याची. ते बी सांगितलं व्हतं."

"मग मेंढीचं कुणीच कसं बोलत नाही? आणि आबा, तुम्ही तरी त्याला का हाकलता?"

"समदंच म्हणाय लागलं. मला वाटलं, माझ्याबिगर आणि कुणीतरी बघितलं आसंल."

वडिलांचंच बोलणं गावभर फिरून त्यांच्याकडे परत आलं होतं आणि त्यांनी ते साक्ष म्हणून धरलं होतं. धनगर निर्दोष आहे, हे यातून सिद्ध होत नाही, हे मला कळत होतं. पण त्याच्याविरुद्ध आमच्यापाशी एवढंच होतं.

दोन-तीन दिवसांनी मेंढरं रस्त्याला दिसली. वडील बांधावर गेले, मीही मागोमाग. धनगर आता म्हातारा झालाय. थांबला, पण या खेपेला त्यानं काही विचारलं नाही.

"पाव्हणं," वडील म्हणाले, "तुमच्या हाताला रक्त व्हतं, ते मी सांगितलं व्हतं गावात."

"ठावं हाय."

"मेंढी व्याली व्हती, हे बी सांगितलं व्हतं."

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. "मालक, कोकरू आडलं व्हतं. त्याचं पाय तुमीच धरलं व्हतं. तुमच्याबी हाताला तेवढंच रक्त व्हतं."

वडिलांना हे खरंच आठवत नव्हतं. मग हळूहळू काहीतरी आठवू लागलं असावं, कारण ते बांधावर खालीच बसले.

मेंढरं रस्त्यावर पसरत होती. मागे एका कंपनीची बस हॉर्न देत उभी होती.

"जाळी लावू का मग?" धनगरानं विचारलं.

वडिलांनी होकारार्थी मान हलवली.