ताईच्या हातासाठी माउस

नोकरी संपल्यावर वेळ कसा घालवायचा, हा प्रश्न लिफ्टवाल्यांना कधी पडलाच नाही. चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, आणि आता मागच्या खोलीत त्यांचा तेवढाच जुना घरगुती कॉम्प्युटर होता. कीबोर्डच्या जाड पेटीतच सगळं यंत्र, आणि पडदा म्हणून जुना टीव्ही. त्याच्यासाठी ते सी भाषेत प्रोग्राम लिहीत बसायचे. शेजारी म्हणत, हे गृहस्थ मेलेल्याला औषध पाजतायत. लिफ्टवाले हसण्यावारी न्यायचे.

त्या यंत्रावर खरा हक्क मात्र त्यांच्या थोरल्या बहिणीचा, ताईचा होता. ताई स्वेटरच्या कारखान्यात विणीचे नमुने काढायची. एक चौकोन म्हणजे एक टाका. बाणांच्या कळा दाबत तिने या यंत्रावर दोनशेच्या वर नमुने केले होते, आणि तिला ते सगळे तोंडपाठ होते. गेल्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला.

व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "डाव्याने कामं उरकायची सवय लावू नका, उजवा विसरेल. उजव्याला आवडीचं काहीतरी द्या." बोटांना कळा दाबता येत नव्हत्या, पण पंजा टेबलावर ठेवता येत होता. लिफ्टवाल्यांनी नवा लॅपटॉप पुढे केला, तर ताईने तोंडच फिरवलं. "माझे नमुने यात कुठायत?"

मग लिफ्टवाल्यांनी कंबर कसली. त्या जुन्या यंत्राला माउस ही चीज ठाऊकच नव्हती. जॉयस्टिकच्या जागी माउस जोडला, तर यंत्राला मिळायचा आडव्या आणि उभ्या दिशेचा फक्त एकेक आकडा, शून्य ते एकशे सत्तावीस, आणि त्याच्या पुढे गेलं की पुन्हा शून्य. सेकंदाला पन्नास वेळा हा आकडा वाचायचा, मागच्या आकड्याशी फरक काढायचा आणि पडद्यावरचा बाण तेवढा सरकवायचा. आठवडाभर बाण बेडकासारखा उड्या मारत होता. शेवटी ताळ्यावर आला. पण माउस स्वस्थ असतानाही तो किंचित थरथरायचा, आणि जन्मभर धक्का न देता लिफ्ट थांबवणाऱ्या माणसाला ते बघवेना. त्यांनी आणखी एक ओळ घातली: फरक चारपेक्षा कमी असेल तर मोजायचाच नाही. बाण खिळा ठोकल्यासारखा थांबला. लिफ्टवाले स्वतःवर इतके खूश झाले की शीळ घालतच चहाला आले.

त्याच दुपारी त्यांनी ताईला खुर्चीत बसवलं आणि तिचा पंजा माउसवर ठेवला.

"हलव की, ताई."

"हलवतेच आहे."

बाण जागचा हलला नाही.

"अगं, जरा जोर लाव."

"लावतेय रे बाळ्या."

त्रेसष्ट वर्षांच्या बाळ्याने वायर तपासली, मग स्वतः माउस फिरवून पाहिला. बाण सरसर पळाला. म्हणजे यंत्रात खोट नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते चेहऱ्यावरही उमटलं. ताईने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

"राहू दे. तुझं काम चोख आहे. माझा हातच गेलाय."

त्यानंतर तीन दिवस तिने व्यायामाला हात पुढे केला नाही. चौथ्या दिवशी दारात चपला घालताना बाई थांबल्या. "दादा, असं कसं झालं? गेल्या आठवड्यात तर सरकत होता हात."

"सरकत होता?"

"चांगला बोटभर. मिनिट लागायचं, पण सरकायचा."

लिफ्टवाले तडक मागच्या खोलीत गेले. घड्याळ समोर ठेवून त्यांनी मिनिटभरात माउस बोटभर सरकवला. बाण ढिम्म. आता डोक्यात प्रकाश पडला. इतक्या हळू सरकणाऱ्या माउसचा फरक दर वेळी शून्य नाहीतर एक यायचा. प्रोग्राम तो टाकून द्यायचा आणि नवा आकडा मागचा म्हणून धरून बसायचा. असे हजार कण जमले तरी बेरीज शून्यच. थरथरीचा कचरा काढण्याच्या नादात या हुशार गृहस्थांनी सख्ख्या बहिणीची मेहनतही झाडून टाकली होती. ती ओळ त्यांनी पुसली. बाण पुन्हा थरथरू लागला, आणि त्यांना तो तसाच बरा वाटला.

"ताई, हात हलत होता. माझा प्रोग्रामच मोजत नव्हता."

"उगीच समजूत काढू नकोस."

"एकदा बसून तर बघ."

ती बसली, ती केवळ भावाचा उतरलेला चेहरा पाहून. बराच वेळ गेला. मग बाण थरथरत एका चौकोनावर आला. ताईने डाव्या हाताने कळ दाबली आणि चौकोन लाल झाला. दोघांचेही डोळे भरून आले.

"तीन दिवस मला वाटत होतं, संपलं सगळं," ताई म्हणाली. "मी तुला सांगितलं होतं, हलवतेच आहे."

"हो."

"तू टीव्हीकडे बघत होतास."

लिफ्टवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"खुर्ची फिरव. इकडे, माझ्या हाताकडे बघ."

त्यांनी पडद्याकडे पाठ करून खुर्ची घेतली. ताईचा पंजा सरकत होता, पण इतका हळू, की नजर रोखून धरल्याशिवाय कळलं नसतं. ते बघत राहिले. नमुन्याची पहिली ओळ पुरी झाली, ते त्यांना ताईने सांगितलं तेव्हा कळलं.