बरणीवरच्या दोन खुणा

त्या मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता माझी बायको स्वयंपाकघरात पडली. दुपारी दोन वाजता डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. आदल्या रविवारी तिचं वजन एकाहत्तर किलो होतं.

हा आकडा मला पाठ आहे, कारण दर रविवारी मीच तो लिहीत असे. डॉक्टर बोलायचे थांबले तेव्हा मी त्यांना विचारलं, "खाण्यातून काही झालं असेल का?" ते म्हणाले, नाही, खाण्याशी संबंध नाही आणि दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनशीही नाही. एवढं सांगून ते माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले. तिला जाऊन तासही झाला नव्हता आणि माझा पहिला प्रश्न तिच्या खाण्याबद्दल होता.

हा प्रश्न माझ्या तोंडी कसा बसला, ते सांगतो.

ऑपरेशनच्या आधी तिचं वजन एकशे अठरा किलो होतं. आमचं घर सिडकोत, पहिल्या मजल्यावर. अठरा पायऱ्यांमध्ये ती तीनदा थांबायची. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. आडवी झाली की श्वास कोंडायचा म्हणून खुर्चीत बसून झोपायची. वजन कमी करण्याचं ऑपरेशन असतं हे तिला शेजारणीनं सांगितलं आणि ठरवलं तिचं तिनंच. मी पुस्तकं वाचून शंका काढत बसलो. ती म्हणाली, "तुम्ही वाचत बसा. मला जिना चढायचाय."

ऑपरेशनच्या आधी दोन आठवडे पातळ आहार होता. प्रोटीनची पावडर, ताक, भाज्यांचं सूप, मुगाच्या डाळीचं पाणी. यकृतावरची चरबी उतरली तरच दुर्बीण नीट आत जाते, असं आम्हाला समजावलं होतं. पोटात जाईल ते सगळं वहीत लिहायचं होतं. आठवड्यानं वही दाखवायला गेलो. आहारतज्ज्ञ मुलगी होती, पंचविशीची.

"काकू, या दिवशी काहीच खाल्लं नाही?"

"एकादशी होती ना. उपास होता."

"म्हणजे नुसत्या पाण्यावर?"

"पाण्यावर कशाला? साबुदाण्याची खिचडी केली होती. भगर, दाण्याची आमटी. संध्याकाळी एक रताळं."

"अहो काकू, मग लिहिलं का नाही?"

"उपासाचं कुणी लिहितं व्हय?"

त्या मुलीला हसू आवरेना. तिनं तोंडावर वही धरली. वजन उतरायच्या ऐवजी पाऊण किलो वाढलं होतं आणि ऑपरेशन दहा दिवस पुढं गेलं.

मी हसलो नाही. खरं तर मला सगळं माहीत होतं. आमच्याकडे उपासाचं खाणं खाण्यात धरत नाहीत. माझी आईसुद्धा खिचडीची ताटली हातात घेऊन "सकाळपासून पोटात काही नाही" म्हणायची आणि त्यात खोटं काहीच नसायचं. पण मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवला आहे. कागदावर जे नाही तेच आधी शोधायचं, अशी सवय. त्या दिवसापासून मी तिची वही दस्तऐवजासारखी वाचू लागलो. तिचं म्हणणं ते तिचं म्हणणं, खरं काय ते वेगळं.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी कागदावर पोटाचं चित्र काढून त्यातला मोठा भाग खोडला. उरलं ते केळ्याएवढं. मग नियम सुरू झाले. एका वेळी चार-पाच चमचे. प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही, नंतर अर्ध्या तासानं. आधी डाळ किंवा अंडं, जागा उरली तर भाकरीचा तुकडा. गोड अजिबात नाही, कापलेल्या पोटाला ते सोसत नाही.

ती जेवायला बसली की मी समोर बसायचो. हातात पुस्तक असायचं आणि पान उलटायचं नाही. मी घास मोजायचो.

एक अडचण कुणाला सुचली नव्हती. ती देवगाव रंगारीची, शेतकऱ्याच्या घरातली. पानात अन्न टाकायचं नाही हे तिच्या हाडात होतं. पण वाढून घेताना हात जुन्या मापानंच पडायचा. "पोट कापलं त्यांनी," ती म्हणायची, "डोळे कुठं कापलेत?" चार घासांनंतर ती थांबायची आणि ताट माझ्याकडं सरकवायची. मी ते संपवायचो. लग्नानंतर सत्तावीस वर्षं ती माझ्या ताटात जेवली होती. आता उलटं झालं याची तिला फार गंमत वाटायची. "माझं उष्टं खाता तुम्ही. मग पुण्य तुम्हाला का मला?"

माझं जेवण होतंच, त्यावर तिचं. पण वहीत माझं काही लिहायचं नव्हतं.

वर्षभरात ती अडुसष्ट किलोंवर आली. जिना न थांबता चढू लागली, मुद्दाम दोनदा चढू लागली. दर महिन्याला ब्लाउज सैल पडायचे. दोन गल्ल्या पलीकडे एक बाई शिवणकाम करायची, तिच्याकडं ते आत घ्यायला जायचे. तिच्या भावानं, माझ्या मेहुण्यानं, तिला बसथांब्यावर ओळखलंच नाही. घरी येऊन तो म्हणाला, "दाजी, अर्धी बहीण कुठं ठेवली? आम्ही पुरी दिली होती." आम्ही तिघंही हसलो. ते हसणं मला नीट आठवतं, कारण त्यानंतरच्या रविवारी काटा एकोणसत्तरवर गेला. मग सत्तर.

डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या वर्षी थोडं परत येतं, काळजी करू नका. थोडं म्हणजे किती, हे ते बोलले नाहीत. मी ते टिपून ठेवलं.

मग मला गुरुवार दिसू लागले. दर गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला ती बाहेर पडायची. "शिवणवालीकडं जाऊन येते." वजन उतरत होतं तोवर हे पटण्यासारखं होतं. आता वजन थांबलं होतं, उलट वाढत होतं, मग दर गुरुवारी आत घ्यायला उरलं काय? जाताना पिशवीत डबा असायचा. परत यायची तेव्हा तो घासलेला असायचा. बाहेर जाऊन डबा कोण घासून आणतं? आमच्याकडं नळाला पाच-सहा दिवसांनी पाणी येतं, आणि पाण्याचा दिवस ती कशासाठीही सोडत नसे. पण तो गुरुवारी आला तर मला टाकीपाशी बसवून ती जायची. ही बाब मला सगळ्यात जड वाटली.

एका गुरुवारी मी तिच्या मागून कोपऱ्यापर्यंत गेलो. शिवणवालीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आतून मशीनचा आवाज येत होता. मी तिथूनच परत फिरलो. ती मला पाहील याची भीती वाटली की मी तिला पाहीन याची, ते मला आजही सांगता येत नाही.

मग मी तुपाच्या बरणीवर खूण केली. काचेची जुनी बरणी होती, तिच्यावरचा कागद अजून टिकून होता. तूप जिथवर होतं तिथं त्या कागदावर पेन्सिलीनं बारीक रेघ ओढली. आठवड्यात तूप बोटभर उतरलं. मी कुणाला बोललो नाही.

दिवाळीनंतर ती तीन दिवस माहेरी गेली, भाच्याचा साखरपुडा होता. परत आली, हातपाय धुतले आणि बरणी घेऊनच बाहेर आली.

"अहो, घरात बोका आला होता व्हय?"

"का?"

"तुमच्या रेघेखाली मी काजळाच्या पेन्सिलीनं एक रेघ मारून गेले होते. ही बघा. तूप तिच्याबी खाली दोन बोटं गेलंय."

मी म्हणालो, "वरणावर घेतलं थोडं."

"घ्या की. तुमच्याच घरचं हाय." तिनं बरणी उजेडात धरली. "मग ही वरची रेघ कुणासाठी मारली होती?"

तिनं बरणी जागेवर ठेवली. दोन्ही रेघा तिनं पुसल्या नाहीत. मीही पुसल्या नाहीत. लाज वाटली, पण ती संध्याकाळपर्यंतच टिकली. मी हिशोब असा मांडला की तीन दिवसांचं तूप माझं, हे सिद्ध झालं. आधीच्या आठवड्याचं काय?

हे सगळं होऊन तीन महिने झाले होते, तेव्हा तो मंगळवार आला.

दहाव्या दिवशी पिंडाजवळच्या पानात मेहुण्यानं पुरणपोळी ठेवली. "लई आवडायची तिला. दोन वर्षं शिवली नाय." पान ठेवून आम्ही मागं सरकलो नाही तोच कावळा शिवला. सगळ्यांना बरं वाटलं. तिची कसली इच्छा मागं राहिली नव्हती, असं जो तो म्हणू लागला. मी हात जोडून उभा होतो आणि माझ्या मनात आलं, इच्छा राहिली नाही याचा अर्थ ती कुठंतरी पुरी होत होती. दर गुरुवारी.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी शिवणवाली बाई आली. हातात कागदात गुंडाळलेला ब्लाउज, त्यावर एक वाटी आणि एक छोटा चमचा. दारातच उभी राहिली. मी आत बोलावलं तेव्हा खुर्चीच्या कडेवर बसली.

"ताईंचं हाय. माझ्याकडंच ठेवलेलं असायचं. गुरुवारी जेवायच्या ना."

"तुमच्याकडं जेवायच्या?"

"व्हय. डबा आणायच्या त्यांचा त्यांचा."

"काय असायचं त्यात?"

"मुगाचं वरण, अर्धी भाकरी. कधी अंडं. तासभर लागायचा त्यांना. मी मशीन मारायची, त्या चावत बसायच्या. उरलं तर मला खाऊ घालायच्या, टाकायच्या नाय. मग डबा घासायच्या. मी म्हणायची राहू द्या, तर ऐकायच्या नाय."

मी वाटी उचलून पाहिली. तीच पुढं म्हणाली, "म्हणायच्या, इथं बरं वाटतं. इथं कुणी घास मोजत नाय."

यावर माणसानं काहीतरी वेगळं विचारायला हवं होतं. मी विचारलं, "गोड काही?"

बाईनं ब्लाउजवरचा कागद पुन्हा नीट दुमडला. मग माझ्याकडं पाहिलं.

"एकदा. माझी पोरगी पास झाली तव्हा गुलमंडीवरून इमरती आणली होती. अर्धी खाल्ली त्यांनी. दहा मिनिटांत असा घाम सुटला, हातपाय थरथराय लागले. कटिंगच्या टेबलाशेजारी आडव्या पडल्या तासभर. मी म्हणलं सरांना फोन लावते. तर म्हणल्या, नको बाई. ते लिहून ठेवतील."

ती हसली आणि लगेच पदर तोंडाला लावून रडू लागली. मी पाणी आणायला आत गेलो. परत आलो तेव्हा तिनं डोळे पुसले होते आणि ब्लाउज उलटा करून शिवण दाखवत होती.

"हा सैल कराय दिला होता. म्हणल्या, दोन-तीन किलो आलेत, डॉक्टर म्हणतात चालतंय. मला जिना चढता येतो, मला पुरे. पण सर लई घाबरतेत."

ती गेल्यावर मी वह्या काढल्या. दोन वर्षांच्या पाच वह्या होत्या. प्रत्येक गुरुवारी दुपारच्या रकान्यात तिच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: मुगाचं वरण, अर्धी भाकरी. पहिल्या वर्षानंतरच्या प्रत्येक गुरुवारी त्याच्यापुढं पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह होतं. ते माझं होतं. इमरतीची नोंद मी शोधली. एका गुरुवारी वरण-भाकरीच्या पुढं तिनं लिहिलं होतं, "आज जरा जास्त झालं." मी त्याच्यापुढं दोन प्रश्नचिन्हं केली होती. तिनं लिहिलं होतं, मीच वाचलं नव्हतं. तोच तो दिवस असेल, असं मी धरून चाललो आहे. पुरावा नाही.

प्रश्नचिन्हं खोडायला बसलो. पेन्सिल मी दाबून लिहितो, म्हणून खोडल्यावरही कागदावर वळ राहतात. दोन वह्या झाल्यावर मी खोडणं सोडलं.

त्या रविवारी मी काट्यावर उभा राहिलो. तिच्या ऑपरेशनच्या वेळी माझं वजन किती होतं हे कुठंच लिहिलेलं नाही. आता ब्याण्णव किलो आहे. उपाशीपोटी साखर तपासून घेतली, ती वाढलेली आहे. आहारतज्ज्ञ तीच मुलगी आहे. तिनं मला वही दिली आणि म्हणाली, "काका, उपासाचंही लिहायचं." मग तिच्या लक्षात आलं आणि ती खाली पाहू लागली.

आता मी एका वेळी अर्धी भाकरी आणि वरण खातो, शिवणवालीनं आणून दिलेल्या त्या वाटीत. समोर कुणी बसत नाही. घरात वजनाचा काटा आहे, पाच वह्या आहेत, सैल केलेला एक ब्लाउज आहे. तुपाची बरणी जागेवर आहे. तिच्यावर दोन रेघा आहेत, एक माझी आणि एक तिची. बरणी रिकामी आहे.