बाभळीची गाडी
बाभळीच्या ओल्या सालीचा तुरट वास आला, की मला मी पहिल्यांदा लातूर पाहिलं तो दिवस आठवतो. ते दुष्काळाचं साल होतं आणि लातूर नुकताच जिल्हा झाला होता. तिथं घरं उठत होती, वीटभट्ट्यांना जळण लागत होतं. रानात काही पिकलं नव्हतं, म्हणून सारा गाव ओढ्याकाठच्या बाभळी तोडून विकत होता. आमचीही गाडी भरली आणि मी लाकडांवर चढून बसले. औसा रोडला लागलो तसं माझं चित्त थाऱ्यावर राहीना. एवढ्या जीपा, एवढी माणसं मी कधी पाहिलीच नव्हती! भट्टीवर लाकूड हातोहात गेलं. आईनं ज्वारी घेतली आणि माझ्यासाठी गरम भजी. “वढ्यावर सावलीला बसून खाऊ,” ती म्हणाली. वाटभर मी पुडी हुंगत राहिले. भर दुपारी ओढा आला, तर उरलेल्या बाभळीही कुणी तोडून नेलेल्या, दोन्ही काठांना नुसते बुंधे. शेवटी आम्ही गाडीखालीच दाटीनं बसलो. “आता उद्या काय तोडायचं?” बाप म्हणाला. आईनं आपल्या वाट्याची भजी माझ्या हातावर ठेवली आणि मी ती आनंदानं खाल्ली. दिवाळीनंतर त्याच गाडीत संसार भरून आम्ही दुसऱ्या मुलखात ऊस तोडायला निघालो, तेव्हा कुठं मला बापाचा प्रश्न कळला.