रूथची लग्नातली सुती साडी

मंडळी, आज श्रीरामपूरच्या चर्चमध्ये माझ्या धाकट्या बहिणीचं, रूथचं लग्न झालं. लग्नाचा गाऊन घालून बघितला तेव्हा पॉलिस्टरच्या जाळीनं तिच्या अंगावर पुरळ उठलं होतं, म्हणून आज ती पांढरी सुती साडी नेसली.

दारातच आत्या चिडली. "लग्नाला सुती? लोक काय म्हनतील?"

"आत्या, दिवसभर अंगावर मलाच वागवायचंय," रूथ म्हणाली.

फोटोच्या वेळी मात्र आत्यानं रूथचा पदर नीट केला आणि हात तिथंच ठेवला. "लई मऊ हाय गं. माझ्या लग्नात गाऊननं मान सोलवटली हुती. कुनाला बोलले न्हाई."

तुमच्या लग्नातले कपडे तुम्हाला सोसले होते का? खरं सांगा.