चुन्याचं उघडं कडं

मी शाळेत विज्ञान शिकवतो. भानामती, चकवा असलं काही कुणी सांगायला लागलं की त्याची खेचल्याशिवाय मला राहवत नाही... म्हणून हे लिहायला इतके दिवस गेले. पटलं नाही तर खुशाल हसा, मीही हसलो असतो.

मांजरसुंब्याहून पालीकडे येताना आत एक माळ लागतो. गावाचं नाव सांगत नाही. जत्रेत तिथे घोड्यांच्या शर्यती होतात. वर्षभर त्या धावायच्या पट्टीकडे कुणी फिरकत नाही. मेंढरं बसतात, घुशी बिळं करतात, पावसानं कडा खचतात. शर्यतीच्या दोन दिवस आधी आम्ही कमिटीवाले जागे होतो!

तरी आजवर निभावलं ते लिंबाजीआबांमुळे. मेंढरं राखणारा म्हातारा. चुन्याचं डबडं घेऊन अख्खी पट्टी अनवाणी तुडवायचा. टाचेखाली जमीन दबली की तिथे चुन्याचं कडं काढायचा. हात कापत असल्यानं त्याचं कडं कधीच पुरं जुळायचं नाही, एका बाजूनं उघडंच राहायचं. मग आम्ही तिथे दगड-मुरूम भरून ठोकून घ्यायचो. मी एकदा ट्रॅक्टरचं सुचवलं तर म्हणाला, "मास्तर, वरून सपाट लई दिसंल. आतलं पोकळ त्या लोखंडाला कळत न्हाई."

गेल्या दिवाळीत आबा गेला. यंदा मी ट्रॅक्टरनं ब्लेड मारून घेतली. पट्टी अशी गुळगुळीत झाली की मीच फोटो काढून ग्रुपवर टाकले. तुडवायला कुणालाच सांगितलं नाही.

शर्यतीच्या दिवशी सकाळी माझा धाकटा भाऊ विठ्ठल घोडीला खरारा करत होता. त्याची चांदणी नावाची घोडी त्याच शर्यतीत धावणार होती.

"दादा, पट्टी तुडवली का यंदा?"

"हौ, तुडवली," मी म्हणालो. इतक्या सहज खोटं बोललो की माझं मलाच जाणवलं नाही.

मग पट्टी बघायला गेलो. वळणावरच्या बाभळीपाशी, मोकळ्या भुसभुशीत मातीवर चुन्याचं ओलं कडं... एका बाजूनं उघडं. आजूबाजूला पाऊलच नव्हतं, नुसती टायरची नक्षी. माझं डोकंच फिरलं. पाहुणे यायच्या वेळेला कुणीतरी माझी टिंगल करतंय असं वाटलं. बूट आपटून पाहिला, वरच्या मोकळ्या मातीखाली जमीन टणक लागली. बुटानंच कडं पुसलं, वर माती ओढली.

शर्यत सुटली. चांदणी पुढे होती. बाभळीपाशी विठ्ठलानं एकाएकी लगाम खेचला... आणि घोडी कोसळली. मी धावत गेलो. तिचा पुढचा पाय गुडघ्यापर्यंत बिळात गेला होता, मोडला होता. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला शेवटचं इंजेक्शन दिलं तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती असं मला अजून वाटतं. विठ्ठल बाजूला फेकला गेला, कंबरेचं हाड मोडलं. मी मातीत चुना शोधला. कुठेच नव्हता.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "दादा, मला कडं दिसलं. पांढरंफेक. उघडं, आबा काढायचा तसं. भरायचं ऱ्हायलं आसंल म्हनून लगाम खेचला. न्हाईतर घोडीखालीच गेलतो."

शर्यतीच्या वेळी बाभळीपाशी उभ्या असलेल्या माणसांना मी पुढे विचारून पाहिलं. कुणालाही काही दिसलं नव्हतं.

त्या दिवशी दवाखान्यात विठ्ठलानं एवढंच विचारलं, "यंदा पट्टी कुनी तुडवली?"

मी त्याच्या अंगावरची चादर नीट करू लागलो. स्वतःचं नाव घ्यायला मी लाजतोय असं त्याला वाटलं. माझा हात ओढून कपाळाला लावला आणि म्हणाला, "तू व्हतास म्हनून वाचलो."

विठ्ठल आता कुबड्यांवर चालतो. घोड्यावर बसायचं संपलं. पुसलेलं कडं त्याला कसं दिसलं, आणि सकाळी ते काढलं कुणी, याचा खुलासा मला आजवर सापडलेला नाही. आणि आल्यागेल्याला तो अजून अभिमानानं सांगतो, की आमच्या दादानं पट्टी तुडवली होती.