लल्लनची बाटली आणि माझी नथ

लोक मला विचारतात, "काकू, तुमच्याकडे इतके किस्से जमतात कसे?" अहो, मी कुठे जाते जमवायला? घाटापासून आमच्या घरापर्यंत बासष्ट सीढ्या, आणि गुडघे माझे असे! मी खाली उतरत नाही, म्हणून किस्सेच चढून वर येतात. येतात, चहा पितात आणि मग जायचं नावच काढत नाहीत. शाळा माझी तिसरीपर्यंत, त्यामुळे लिहून ठेवणं काही जमलं नाही. डोकं भरलं की कुणाला तरी धरून सांगते. आज तुम्ही सापडलात!

हे सगळे किस्से एकाच अखाड्याचे. गंगेच्या ब्रह्मा घाटावर आमचं घर, आणि आमच्या छताखाली, म्हणजे तुम्ही ज्याला गच्ची म्हणता तिच्याखाली, अगदी नाकासमोर कुस्तीचा अखाडा. सन नव्वदनंतरची ती वर्षं. अखाड्याचे गुरूजी म्हातारे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण नियम कडक. बाईमाणसानं मातीत पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही.

नाही तर नाही. छताबद्दल ते काही बोलले नव्हते!

*

शेजारची गोदू आणि मी, रोज सकाळी छतावर. आता साठी उलटलेल्या दोन बायका नुसत्या पहिलवान बघत बसल्या तर गली काय म्हणेल? म्हणून पापड वाळत घालायचे. कुस्ती जितकी लांबेल तितके पापड जास्त. उडदाचे झाले, मुगाचे झाले, बटाट्याचे झाले. माघाच्या थंडीत, ऊन नाही, तरी आमचे पापड चालूच!

आमचे हे पाठशाळेत संस्कृत शिकवायचे. घरात काय चाललंय, कधी पत्ता नसायचा. एक दिवस काहीतरी शोधायला कोठीच्या खोलीत शिरले आणि दारातच उभे राहिले. खालपासून वरपर्यंत पापडाचे डबे!

म्हणाले, "अगं, कुणाचं लग्न ठरलंय का आपल्याकडे?"

मी म्हटलं, "नाही हो. लल्लनची जौनपूरची कुस्ती ठरलीय!"

*

लल्लन म्हणजे आमचा पहिलवान. आमचा म्हणजे तसा यादवांचा, पण वाढवला मी. पहिल्यांदा अखाड्यात आला तेव्हा नुसता बांबू. मी वरून टोपली सोडायची दोरीनं, आत डिंकाचे दोन लाडू. तो खालून टोपलीला नमस्कार करायचा आणि उभ्या उभ्या खायचा. दोन वर्षांत त्यानं अंग धरलं. मग इनामी कुस्त्या सुरू झाल्या. तोच त्याचा धंदा. गाजीपूर, मिर्झापूर, जिथे दंगल, म्हणजे कुस्त्यांचा फड, तिथे लल्लन! जिंकला की गदा खांद्यावर टाकून येणार आणि खालून ओरडणार, "काकी! आपके लड्डू ने पटक दिया!"

त्याची कुस्ती असली की मी नथ घालून बसायची. मग ती कुस्ती आमच्या घाटावर असो की चार गावं सोडून. सुनेनं विचारलं, "आई, आज कुठला सण?" मी म्हटलं, "मिर्झापूर!"

*

लाडवांचं नाव झालं. बायका कृती विचारायला सीढ्या चढून येऊ लागल्या. गोदू तर मागेच लागली. तिच्या नवऱ्याला जिना चढताना दम लागायचा. मी तिला कोपऱ्यात नेलं. म्हटलं, "कुणाला सांगू नकोस. डिंक, खारीक, खोबरं हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. खरी ताकद अखाड्याच्या मातीत. चिमूटभर टाक."

मला काय माहीत ही खरंच टाकेल! चिमूट कसली, चांगली मूठभर टाकली!

दुसऱ्या दिवशी तिचे यजमान आमच्या दारात उभे. गाल धरलेला. म्हणाले, "वहिनी, लाडवात वाळू लागली. दाढ हलली माझी."

मी विचारलं, "ते राहू द्या. सीढ्या किती वेळात चढलात?"

ते मागे वळून बघायला लागले. घाटावर लाडू खात बसले होते, तिथून दाढदुखीच्या तिरमिरीत बासष्ट सीढ्या एका दमात चढून आले होते!

*

मग एक वर्ष असं आलं की लल्लनची मान नाहीशी झाली. खरंच सांगते. खांद्यावर थेट डोकं! दोन महिन्यांत माणूस दुप्पट. पाठीवर पुटकुळ्या, डोळे तांबडे, आणि सारखा गुरगुरायचा. एकदा बिचाऱ्या दूधवाल्यावर धावून गेला. गली मात्र खूश. "काकी के लड्डू का कमाल!" मीसुद्धा खूश. मिरवत होते की!

आणि एक दिवस टोपली वर ओढली, तर लाडू तसेच.

मी वरून विचारलं, "का रे? पोट बिघडलं?"

तो म्हणाला, "काकी, ई सब अब पुराना हो गया."

त्याच्या मागे मुरारी उभा होता. मुरारी म्हणजे गलीतला कंपाउंडर. बगलेत काळी बॅग. मी छतावरून सगळं बघते हे तो विसरला, आणि त्यानं भिंतीआड लल्लनच्या दंडात सुई टोचली. लल्लनचा जोडीदार मुन्ना, त्यालाही टोचली.

मी मुरारीला वर बोलावलं. कण्हत कण्हत पाय पसरून बसले. म्हटलं, "भैया, घुटना बहुत दुखता है. जो सुई लल्लन को दी, वही मेरे को दे दो."

तो दचकला. "अरे नहीं काकी! वो औरतों के लिए नहीं है. मूँछ निकल आएगी!"

मी म्हटलं, "निकलने दो! आमच्या ह्यांना साठ वर्षांत आली नाही. घरात एकाला तरी हवी!"

मग हसता हसता सगळं ओकला. ताकद सुईतून येते, आजकाल सगळे घेतात, लाडूबिडू म्हाताऱ्यांची समजूत. जाताना वर तोंड करून म्हणाला, "कुश्ती पहलवान नहीं जीतता काकी, हम जीतते हैं!"

*

त्या दिवशी पापड घातले नाहीत. नथ काढून डबीत ठेवली.

गोदू विचारत होती, "म्हणजे काकू, इतके दिवस आपण टाळ्या वाजवल्या त्या मुरारीसाठी?"

मी नथीच्या डबीचं झाकण घट्ट लावलं.

चार दिवस मी छतावर गेले नाही. पाचव्या दिवशी लल्लन सीढ्यांवर भेलकांडून बसलेला दिसला, छाती धरून. पंचवीस वर्षांचा गडी! तिथे माझा राग गेला आणि भीती आली. लाडू चुलीत गेले तरी चालतील, मला माझा लल्लन परत पाहिजे होता.

गुरूजींना सांगायची सोय नव्हती. ते दर गुरुवारी आमच्या पायरीवर ताक प्यायला बसायचे. मी जरासं सुचवलं, तर ताकाचा पेला खाली ठेवून म्हणाले, "जिस दिन मेरी मिट्टी में सुई निकली, उस दिन से मैं इस मिट्टी पर पाँव नहीं रखूँगा." आणि त्यांनी खरंच ठेवला नसता. सुई काढायची होती, पण गुरूजींच्या पायाला न लागता!

*

युक्ती पेपरमधून आली. हे मोठ्यानं पेपर वाचायचे. परदेशात कुणी पळणारा पकडला गेला, त्याची लघवी तपासली म्हणे. मी म्हटलं, मग आपण का नाही?

गुरूजींना विचारलं. ते छाती फुगवून म्हणाले, "करो, करो! सब खरे निकलेंगे."

ह्यांच्या जुन्या धोतराची चिंधी फाडली, हळदीत रंगवली, वाळवली. सगळे पहिलवान जमल्यावर छताच्या कठड्यावरून दाखवली. "ये दिल्ली से मँगाया है. मशीन का कपड़ा है. और इस लोटे में है ताकत की सुई का पानी. देखो!"

चिंधी बुडवली. पिवळीची लालभडक!

मुन्नानं मागच्या मागे खांब धरला.

लोट्यात काय होतं? पानाला लावायच्या चुन्याची निवळी! आम्ही बायका ह्यावरच घरी कुंकू करत आलो. मेल्यांनी जन्मात एकदा हळदीचा डाग साबणानं धुतला असता, तर तिथल्या तिथे कळलं असतं!

मी सांगितलं, "नागपंचमी के दंगल में जो चार लड़ेंगे, कल सुबह अपनी-अपनी शीशी टोकरी में रखेंगे. नाम लिख के!"

*

सकाळी टोपली वर ओढली. चार बाटल्या. गोदूनं पदर नाकाला लावला.

पहिल्या दोन रीतसर होत्या. बाजूला ठेवल्या.

तिसरी मुन्नाची. पाणी स्वच्छ, वास काही नाही, आणि वर तरंगतेय झेंडूची पाकळी! थेट घाटावरून भरून आणलेली गंगा!

गोदू गोंधळली. "काकू, ह्याला नाक धरायचं की हात जोडायचे?"

चौथी लल्लनची. बूच उघडलं आणि मी जागच्या जागी बसले. आमच्या भटांच्या घरात श्रावणीला जानवी बदलतात, तेव्हा पंचगव्य लागतं. दूध, दही, तूप, शेण आणि गोमूत्र. घेतात पुरुष, तयारी बायकांची. चाळीस श्रावण्या मी केल्या. तो वास मी झोपेतही ओळखीन!

लल्लनला एकट्याला वर बोलावलं. आला. दारातून तिरका आत शिरला, पापड चुकवत उभा राहिला.

"क्या निकला, काकी?"

मी म्हटलं, "बहुत अच्छा निकला. एक बात बता बेटा, दूध दोनों टाइम देते हो, कि एक ही टाइम?"

गोदू हसता हसता मुगाच्या पापडांवर आडवी!

लल्लननं आधी बाटलीकडे पाहिलं. मग तो एवढा थोरला माणूस मटकन खाली बसला आणि रडायला लागला. "सब लेते हैं, काकी. नहीं लेंगे तो हार जाएँगे."

मी म्हटलं, "तो हार. मैं बैठी हूँ ना ऊपर."

त्यानं माझ्या पायाची शपथ घेतली. मी त्याच्या बाटलीची घेतली, की हे आम्हा तिघांतच राहील.

गुरूजींना मी सांगितलं, चिंधी एकदाही लाल झाली नाही. खोटं कुठे? मी ती बुडवलीच नाही!

*

मुन्ना मात्र पकडला जायच्या भीतीनं त्याच दिवशी अखाडा सोडून गेला. पलीकडच्या मोहल्ल्यात दुसरा अखाडा होता, तिथे. मुरारीही बॅग घेऊन त्याच्या मागे.

आणि लल्लन हरू लागला. अहो, काय हरला! अंग उतरलं, मान परत दिसायला लागली, पण जो येईल तो पाडून जायचा. आमच्या घाटावरची नागपंचमी हरला, गाजीपूर हरला, जौनपूर हरला. गलीतली माणसं खालून ओरडायची, "काकी, लड्डू बासी हो गए क्या?"

मी प्रत्येक कुस्तीला नथ घालून बसले. सुनेनं विचारलं, "आई, हरणाऱ्यासाठी कशाला?" मी म्हटलं, "पूर्वी मुरारीसाठी घालत होते. आता लल्लनसाठी घालतेय."

एकदा तो पार खचून आला. खालून हळूच म्हणाला, "काकी, बस एक सुई ले लूँ?"

मी टोपली खाली सोडली. आत लाडू होते आणि एक घंटा. गाईच्या गळ्यात बांधतात ना, ती!

लाजून पळाला. पुन्हा कधी सुईचं नाव काढलं नाही.

*

आता हा शेवटचा.

पुढची नागपंचमी. आमच्याच घाटावर दंगल. सीढ्या माणसांनी भरलेल्या, भोंगे लावलेले, आणि छतावर मी, गोदू आणि गलीतल्या झाडून सगळ्या बायका. पापडाला जागा नाही!

शेवटची जोड लल्लन आणि मुन्ना. मुन्ना असा फुगलेला की त्याच्या सावलीत चार माणसं बसली असती. मुरारी बॅग मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. भाव खाऊन बसलेला.

सुरुवातीला मुन्नानं लल्लनला नुसता फरफटत नेला. गोदूनं डोळे मिटले. मी नथ घट्ट धरली. लल्लन पडतोय, उठतोय, निसटतोय. थोडा वेळ गेला आणि मुन्नाचं तोंड उघडलं. मग जीभ बाहेर. मग गुडघ्यांवर हात. आमचा लल्लन अजून ताजा, नुकता लाडू खाल्ल्यासारखा! आत शिरला, मुन्नाचा हात खांद्यावर घेतला आणि असा धोबीपछाड मारला की मुन्नाची पाठ अख्खीच्या अख्खी मातीत!

मुरारीची बॅग मांडीवरून खाली. उचलायलाही थांबला नाही!

गुरूजींना दिसत नव्हतं. ते ओरडत होते, "ऊपर कौन है? अरे, ऊपर कौन है?" कुणी तरी सांगितलं, "आपका लल्लन, गुरूजी!" त्यांनी चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली आणि अनवाणी पायांनी अखाड्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

गदा दिली, साफा बांधला. मग भोंग्यावर बोलणाऱ्यानं लल्लनच्या तोंडासमोर माइक धरला. "पहलवान, पब्लिक को बताओ, ये ताकत कहाँ से आई?"

अख्खा घाट पुढे झुकला.

लल्लननं वर आमच्या छताकडे बघितलं. दोन्ही हात जोडले. छातीभर श्वास घेतला, आणि पार पंचगंगा घाटापर्यंत ऐकू जाईल असा हंबरला,

"हम्माऽऽऽऽ!"

लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. गोदू कठड्याला धरून खाली बसली. माझी नथ हसता हसता निघून ओटीत पडली.

आणि मोतीबिंदूचे गुरूजी मातीत उभे राहून चहूकडे विचारत होते, "अरे, देखो भाई, ये गाय किसकी खुल गई?"